लिनक्स बिघडलं तर: हार्डवेअर की सॉफ्टवेअर हे ओळखण्यापासून दुरुस्तीपर्यंत

घरच्या मशीनवर काहीतरी बंद पडलं की बहुतेक जण काय करतात, तर एरर नेटवर शोधतात, पहिली जी कमांड दिसेल ती सुडो, म्हणजे पूर्ण अधिकार देणारा शब्द, लावून चिकटवतात, नाही चाललं तर दुसरी, मग तिसरी, आणि तासाभराने मूळ बिघाड राहतो बाजूला आणि या चिकटवाचिकटवीतून आलेले नवे बिघाड निस्तरायची वेळ येते. खरं तर लिनक्सने काय बिनसलंय ते बऱ्याचदा आधीच लिहून ठेवलेलं असतं, वाचणारा हवा फक्त. म्हणून इथे क्रम असा धरलाय: आधी लॉग वाचायचे, मग बिघाड हार्डवेअरचा की सिस्टिमचा हे ठरवायचं, आणि त्यानंतरच हात लावायचा, तोही एका वेळी एकाच गोष्टीला.

एक आधीच सांगतो. कमांड मी इथे आपण बोलतो तशा देवनागरीत लिहिल्यात, टर्मिनलवर त्या इंग्रजी लहान अक्षरांत टाइप करायच्या, मायनस म्हणजे आडवी रेघ. जिथे मोठं अक्षर लागतं तिथे तसं सांगितलंय. पुढे सुडो लावावं लागेल बऱ्याच ठिकाणी, ते दरवेळी लिहीत नाही.

हात लावायच्या आधी

पहिला प्रश्न: काल चालत होतं आणि आज नाही, तर मधे काय बदललं? अपडेट आलं होतं का? डेबियन-उबुंटू-मिंट असेल तर व्हार, लॉग, एपीटी या फोल्डरात हिस्टरी डॉट लॉग नावाची फाइल असते, कुठल्या तारखेला कुठलं पॅकेज बदललं ते सगळं त्यात असतं. फेडोरावर डीएनएफ हिस्टरी, आर्चवर पॅकमनचा लॉग. बिघाड सुरू झाला त्याच दिवशी कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, किंवा ग्राफिक्सचं पॅकेज बदललेलं दिसलं तर निम्मं काम तिथेच झालं.

दुसरं, बाहेरून जोडलेलं सगळं काढा. यूएसबी हब, प्रिंटर, जुनी पेन ड्राइव्ह, एक्स्टर्नल डिस्क, सगळंच. फक्त कीबोर्ड, माउस, मॉनिटर ठेवून मशीन चालू करून बघा. यूएसबी हब खराब असल्यामुळे मशीन बूटच होत नाही असं होतं, आणि लोक इकडे ग्रब, म्हणजे लिनक्स सुरू करून देणारा प्रोग्रॅम, दुरुस्त करत बसतात.

तिसरं म्हणजे डिस्कचा थोडा जरी संशय असेल, म्हणजे टकटक आवाज येतोय, फाइल उघडायला मिनिटभर लागतोय, कॉपी मधेच अडकतेय, तर बाकी सगळं सोडा आणि महत्त्वाच्या फाइल आधी बाहेर काढा. दुरुस्ती नंतर. मरायला टेकलेल्या डिस्कवर एफएससीके, म्हणजे फाइल सिस्टिम तपासून दुरुस्त करणारी कमांड, चालवणं म्हणजे तिला शेवटचा धक्का देणं.

लॉग कसे वाचायचे

दोनच कमांड पाठ असल्या तरी पुरतं. एक डीएमईएसजी, म्हणजे कर्नल काय बोलतोय ते. तिला मायनस कॅपिटल टी लावलं की वेळ माणसाला कळेल अशी दिसते, आणि मायनस डब्ल्यू लावलं की ती चालूच राहते आणि नवीन ओळी समोर येत राहतात. दुसरी जर्नलसीटीएल, त्यात सिस्टिमच्या सगळ्या सर्व्हिसेसचं असतं. जर्नलसीटीएल मायनस बी म्हणजे या बूटपासूनचं, मायनस बी मायनस १ म्हणजे त्याच्या आधीच्या बूटचं. मशीन अडकलं, बटण दाबून बंद केलं, परत चालू केलं, आता अडकलं तेव्हाचं बघायचंय, तर ही दुसरी. शेवटी मायनस ई लावा म्हणजे थेट लॉगच्या शेवटाला पोचता.

मागच्या बूटचं काहीच दिसत नसेल तर जर्नल फक्त मेमरीत ठेवला जातोय. व्हारमधल्या लॉग फोल्डरात जर्नल नावाचं फोल्डर बनवा आणि रीस्टार्ट करा, पुढच्या वेळेपासून डिस्कवर राहील.

नवीन माणूस इथे घाबरतो कारण लाल ओळी भरपूर दिसतात. एसीपीआय बायोस एरर अशा ओळी तर धडधाकट मशीनवरही दिसतात, त्या बायोस, म्हणजे मशीनच्या बोर्डातलाच सुरुवातीचा प्रोग्रॅम, लिहिणाऱ्याच्या आळशीपणामुळे येतात आणि त्यांचा तुमच्या बिघाडाशी सहसा काही संबंध नसतो. लाल रंग बघू नका, वेळ बघा. बिघाड ज्या मिनिटाला झाला त्याच्या आसपासच्या वीसपंचवीस ओळी वाचा, आणि त्यातलीही पहिली तक्रार शोधा, कारण तिच्यानंतरच्या दहा एरर तिच्यामुळेच आलेल्या असतात.

आणि शेवट कसा झालाय ते नक्की बघा. मशीन नीट बंद झालं असेल तर लॉगच्या शेवटी सर्व्हिसेस एकेक करून थांबल्याच्या ओळी असतात आणि अगदी शेवटी जर्नल थांबल्याची. पण लॉग मधेच तुटला असेल, म्हणजे साडेनऊला काहीतरी साधीसुधी ओळ आणि त्यानंतर काहीच नाही, तर कर्नलला शेवटचे दोन शब्द लिहायलाही वेळ मिळाला नाही असा अर्थ. असं असलं की मी आधी पॉवर सप्लाय, गरम होणं आणि रॅम यांच्याकडेच बघतो, सॉफ्टवेअरकडे नंतर. ग्राफिक्स ड्रायव्हरमुळेही असं होऊ शकतं म्हणा, पण तो बऱ्याचदा जाताजाता काहीतरी बडबडून जातो.

कुठली सर्व्हिस पडलीय ते एका नजरेत हवं तर सिस्टीमसीटीएल मायनस मायनस फेल्ड.

लाइव्ह यूएसबी: दोन भाग करायचं हत्यार

घरात एक लाइव्ह पेन ड्राइव्ह, म्हणजे इन्स्टॉल न करता जिच्यावरूनच लिनक्स चालतं अशी, कायम तयार असावीच. मशीन बंद पडल्यावर ती बनवायला दुसरं मशीन शोधावं लागतं म्हणून आधीच बनवा. आयएसओ, म्हणजे लिनक्सची इन्स्टॉलची फाइल, उतरवल्यावर तिचा एसएचए२५६सम, म्हणजे फाइल पूर्ण उतरलीय का ते सांगणारा आकडा, जुळवून बघा, अर्धवट उतरलेल्या आयएसओवरून इन्स्टॉल करून मग विचित्र एरर शोधत बसण्यात अर्थ नाही.

वापर असा. तोच त्रास लाइव्हवर होतो का बघायचं. वायफाय तुटतं, स्क्रीन चमकते, आवाज येत नाही, मशीन अडकतं, जे काय असेल ते. लाइव्हवर तेच होत असेल तर तुमच्या इन्स्टॉल केलेल्या सिस्टिमचा दोष नाही, हार्डवेअर तरी आहे किंवा ड्रायव्हर तरी. हे दोन वेगळे करायला दुसऱ्या डिस्ट्रोची (लिनक्सच्या दुसऱ्या प्रकाराची), नव्या कर्नलची लाइव्ह लावून बघा, तिथे ठीक चाललं तर ड्रायव्हर. आणि लाइव्हवर पहिल्याच फटक्यात सगळं ठीक असेल तर बिघाड तुमच्या डिस्कवरच्या सिस्टिममध्ये आहे, किंवा डिस्कमध्येच, कारण लाइव्ह चालताना ती डिस्क वापरातच नसते. हा शेवटचा भाग लोक विसरतात.

याच्याही आधीची एक सोपी चाचणी म्हणजे मशीन बायोसच्या सेटअपमध्ये नेऊन तसंच अर्धा तास सोडून द्यायचं. तिथेच बंद पडलं तर लिनक्सचा काही संबंधच नाही.

बूटच होत नाहीये

इथे नेमकं कुठे अडकतंय त्यावर सगळं आहे, म्हणून वरून खाली येऊ.

काहीच दिसत नाही, पंखे फिरतात पण स्क्रीन काळी, बायोसचा लोगोही नाही. मशीन बंद करा, प्लग काढा, रॅमच्या पट्ट्या काढून परत घट्ट बसवा, दोन असतील तर एकेक लावून बघा. जुन्या मशीनमध्ये बोर्डावरचा सीआर२०३२ सेल संपलेला असतो, तेव्हा बायोसच्या सेटिंग उडतात आणि घड्याळ मागे जातं. घड्याळ चुकलं की पुढे ब्राउझरमध्ये सर्टिफिकेटच्या एरर येतात आणि माणूस नेटवर्क तपासत बसतो.

लोगो येतो पण बूट डिव्हाइस नाही म्हणतंय. बायोसमध्ये डिस्क दिसते का बघा. दिसत नसेल तर केबल, नाहीतर डिस्क. दिसत असेल आणि तरी ग्रब येत नसेल, विशेषतः शेजारच्या विंडोजने मोठं अपडेट घेतल्यावर, तर आधी बायोसमधला बूटचा क्रम बघा, विंडोजने स्वतःला वर आणलेलं असतं इतकंच. तेवढ्याने नाही झालं तर ग्रब परत बसवायचा, त्याची पद्धत अशी.

लाइव्ह यूएसबी यूईएफआय (म्हणजे नव्या मशीनच्या बायोसच्या) मोडमध्येच बूट करा, जुन्या लीगसी मोडमध्ये नाही. एलएसबीएलके मायनस एफ टाकून कुठलं पार्टिशन रूट आणि कुठलं ईएफआय ते ओळखा, ईएफआयचं छोटं असतं आणि त्याचा प्रकार व्हीफॅट दिसतो. रूट पार्टिशन एमएनटीवर माउंट करा, ईएफआयचं त्याच्या आतल्या बूट स्लॅश ईएफआयवर. मग डेव्ह, प्रॉक आणि सिस हे तिन्ही माउंट मायनस मायनस आरबाइंड वापरून एमएनटीच्या आत जोडा. मग सीएचरूट स्लॅश एमएनटी, आणि आता तुम्ही तुमच्या स्वतःच्या सिस्टिममध्ये आहात. उबुंटू-डेबियन असेल तर ग्रब मायनस इन्स्टॉल, मग अपडेट मायनस ग्रब, एक्झिट, रीबूट. बूट वेगळ्या पार्टिशनवर असेल तर तेही माउंट करायचं विसरू नका. ही सीएचरूटची युक्ती फक्त ग्रबपुरती नाही बरं का, अपडेट अर्धवट राहून सिस्टिम उठत नसेल तेव्हाही अशाच मार्गाने आत जाऊन पॅकेज दुरुस्त करता येतात.

ग्रब येतो पण पुढे कर्नल पॅनिक, रूट फाइल सिस्टिम माउंट करता येत नाही म्हणतो. नव्या कर्नलचा इनिटरॅमएफएस, म्हणजे बूटच्या सुरुवातीला लागणारी छोटी फाइल सिस्टिम, नीट बनलेला नसतो, आणि त्याचं नेहमीचं कारण म्हणजे वेगळं ठेवलेलं बूट पार्टिशन जुन्या कर्नलनी भरलेलं. ग्रबच्या मेन्यूत ॲडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये जाऊन मागचा कर्नल निवडा. मेन्यू दिसतच नसेल तर चालू करताना यूईएफआय मशीनवर एस्केप, जुन्यावर शिफ्ट. आत गेल्यावर एपीटी ऑटोरिमूव्ह करून जागा करा आणि मग अपडेट मायनस इनिटरॅमएफएस, मायनस यू, मायनस के ऑल.

कंसात इनिटरॅमएफएस लिहिलेला काळा प्रॉम्प्ट आला, वर बिझीबॉक्सचं नाव, आणि वरच्या ओळीत एफएससीके हाताने चालवा अशी सूचना. घाबरायचं कारण नाही, लाइट गेल्यावर होतं असं. ज्या पार्टिशनचं नाव त्या ओळीत आहे त्यावर एफएससीके चालवा, प्रश्नांना वाय म्हणा, संपल्यावर एक्झिट. मात्र महिन्यात परत परत हेच होत असेल तर खाली डिस्कचा भाग आहे तो वाचा. आणि चालू असलेल्या, माउंट केलेल्या पार्टिशनवर एफएससीके कधीच चालवू नका, धडधाकट फाइल सिस्टिमची वाट लागते.

इमर्जन्सी मोड, किंवा स्टार्ट जॉब चालू आहे असं म्हणत दीड मिनिट थांबणं. दहातल्या आठ वेळा ईटीसीमधली एफएसटॅब फाइल, म्हणजे कुठली डिस्क कुठे जोडायची ते लिहिलेली. एखादी डिस्क काढून टाकली किंवा फॉरमॅट केली, तिचा यूयूआयडी, म्हणजे ओळखीचा नंबर, बदलला, आणि फाइलमध्ये जुनीच ओळ राहिली. सिस्टीमडी, म्हणजे सगळ्या सर्व्हिसेस सुरू करणारा प्रोग्रॅम, त्या डिस्कची दीड मिनिट वाट बघतो आणि मग हात वर करतो. रूट पासवर्ड देऊन आत जा, गरज पडली तर माउंट मायनस ओ रीमाउंट, आरडब्ल्यू, स्लॅश असं करून रूट लिहिता येईल असं करा, बीएलकेआयडीने खरे यूयूआयडी बघा आणि ती ओळ दुरुस्त करा किंवा पुढे हॅश लावून बंद करा. रूटचा पासवर्डच ठेवलेला नसेल, उबुंटूवर नसतोच, तर लाइव्हवरून ती फाइल उघडून तेच करा. जास्तीच्या डिस्कच्या ओळीत नोफेल हा शब्द टाकून ठेवा, मग ती नसली तरी बूट अडणार नाही.

लोगोपर्यंत ठीक आणि मग काळी स्क्रीन, हे मात्र ग्राफिक्स. ग्रबच्या मेन्यूत ओळीवर ई दाबा, लिनक्स या शब्दाने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी स्पेस देऊन नोमोडसेट लिहा, एफ१० दाबा. हा बदल तेवढ्याच बूटपुरता असतो, काही कायमचं होत नाही. डेस्कटॉप आला, भले मोठ्या अक्षरांत आणि हळू, तर ड्रायव्हरचाच प्रश्न. एनव्हिडिया असेल तर दोन नेहमीची कारणं: कर्नल बदलला पण त्याचे हेडर्स नाहीत म्हणून डीकेएमएसने, म्हणजे प्रत्येक कर्नलसाठी ड्रायव्हर बांधणाऱ्या प्रोग्रॅमने, मॉड्यूल बनवलंच नाही, किंवा सिक्युअर बूट (सही नसलेलं काही चालू न देणारी सोय) चालू आहे आणि मॉड्यूलवर सही नाही. दुसऱ्यात ड्रायव्हर टाकताना पासवर्ड विचारलेला असतो आणि पुढच्या रीबूटला एमओकेची, म्हणजे ती सही मान्य करून घ्यायची, निळी स्क्रीन येते, तिथे एनरोल निवडायचं असतं, पण घाईत कंटिन्यू दाबलं जातं आणि मग ड्रायव्हर लोडच होत नाही. डीकेएमएस स्टेटस आणि एमओकेयुटिल मायनस मायनस एसबी मायनस स्टेट, या दोन्हींनी उलगडा होतो.

लॉगिन स्क्रीन येते, पासवर्ड टाकला की परत लॉगिन स्क्रीन. कंट्रोल-ऑल्ट-एफ३ ने काळ्या टर्मिनलवर जा, तिथे लॉगिन करा, पहिली कमांड डीएफ मायनस एच. डिस्क १०० टक्के भरलेली असते बऱ्याचदा. नसेल तर होम फोल्डरमधल्या डॉट एक्सऑथॉरिटी फाइलचा मालक रूट झालाय का बघा, कधीतरी सुडो लावून ग्राफिकल प्रोग्रॅम चालवल्याचं ते फळ असतं.

डिस्क

भरलेल्या डिस्कचं आधी. डीएफ मायनस एच मध्ये जागा आहे पण तरीही जागा नाही असं म्हणतंय? डीएफ मायनस आय बघा, आयनोड, म्हणजे फाइलींच्या नोंदींच्या जागा, संपलेले असू शकतात, लाखो बारीक फाइल साठल्या की होतं. आणि ईएक्सटी४ रूटसाठी ५ टक्के जागा राखून ठेवतं, त्यामुळे आकडे जुळत नाहीत म्हणून गोंधळू नका. डीएफ म्हणतं भरलंय पण डीयूने मोजलं तर कमी भरतं, तर कुठल्यातरी चालू प्रोग्रॅमने डिलीट केलेली फाइल धरून ठेवलीय, एलएसओएफ प्लस कॅपिटल एल १ ने ती दिसते. जर्नल फुगला असेल तर जर्नलसीटीएल मायनस मायनस व्हॅक्युम मायनस साइज बरोबर २०० कॅपिटल एम.

आता खराब होणारी डिस्क. स्मार्टमॉनटूल्स टाका आणि स्मार्टसीटीएल मायनस ए, पुढे डिस्कचं नाव. हेल्थच्या ओळीत पास्ड लिहिलेलं असेल, त्यावर अजिबात विसंबू नका, अर्धमेली डिस्कही पास होते. खालचा तक्ता वाचा, आणि त्यातही उजवीकडचा रॉ व्हॅल्यूचा रकाना. ५ नंबर रीॲलोकेटेड सेक्टर, म्हणजे खराब झालेल्या जागा बदलून दिल्या. १९७ करंट पेंडिंग, म्हणजे वाचताच येत नाहीयेत अशा जागा. १९८ ऑफलाइन अनकरेक्टेबल. ५ नंबरला चार-पाच असून वर्षभर तेवढेच राहिले तर चालून जातं, पण आठवड्यात आकडा चढतोय किंवा १९७ शून्य नाहीये तर नवीन डिस्क घ्या, वाद नको.

१९९ नंबर मात्र वेगळी गोष्ट सांगतो. यूडीएमए सीआरसी एरर काउंट. एका ओळखीच्याचं मशीन रोज संध्याकाळी अडकायचं, डीएमईएसजीमध्ये एटीए लिंक रीसेट होतेय अशा ओळी, त्याने डिस्क मेली म्हणून नवीन मागवायची तयारी केली होती. तक्ता बघितला तर ५, १९७, १९८ तिन्ही शून्य आणि १९९ मध्ये हजारांत आकडा. म्हणजे डिस्क चांगली, डिस्क आणि बोर्ड यांच्यामधला निरोपच खराब होतोय. साटा केबल बदलली आणि संपलं. हा आकडा परत शून्य होत नाही, त्यामुळे केबल बदलल्यावर वाढायचा थांबला का एवढंच बघायचं.

एनव्हीएमईचा तक्ता वेगळा असतो, त्यात पर्सेंटेज यूज्ड आणि मीडिया अँड डेटा इंटिग्रिटी एरर्स या दोन ओळी बघा, दुसरी शून्यच हवी.

चालू असताना अचानक सगळं रीड-ओन्ली झालं, एकही फाइल सेव्ह होईना, तर कर्नलने एरर बघून मुद्दाम फाइल सिस्टिम तशी केलीय, अजून नुकसान नको म्हणून. जबरदस्तीने परत आरडब्ल्यू करू नका, डीएमईएसजी वाचा. डेटा अडकला असेल तर जीएनयू डीडीरेस्क्यू वापरा आणि मॅप फाइल द्यायला विसरू नका, तिच्यामुळे मधे थांबलं तरी तिथून पुढे चालू करता येतं. विंडोजचं एनटीएफएस पार्टिशन रीड-ओन्ली उघडत असेल तर ती भानगड वेगळी, विंडोजमधला फास्ट स्टार्टअप बंद करा.

रॅम आणि गरमी

रॅम खराब असली की लक्षणं कुठल्याच साच्यात बसत नाहीत. आज ब्राउझर पडला, उद्या कंपाइल करताना सेगफॉल्ट, परवा झिप फाइल करप्ट. वेगवेगळे प्रोग्रॅम वेगवेगळ्या जागी पडत असतील तर प्रोग्रॅमना दोष देणं थांबवा आणि मेमटेस्ट८६ प्लस रात्रभर लावा. २०२२ साली आलेली ६ ही आवृत्ती यूईएफआयवर थेट चालते, त्याआधीच्या चालत नव्हत्या. एक जरी लाल ओळ आली तरी रॅम नापास, थोडीशी चालेल असं काही नसतं. एक्सएमपी, म्हणजे रॅम जादा वेगाने चालवायची बायोसमधली सेटिंग, चालू असेल तर बंद करून परत चाचणी घ्या, तेव्हा पास झाली तर पट्टी खराब नाही, वेग झेपत नाहीये.

गरमीसाठी एलएम मायनस सेन्सर्स टाका, सेन्सर्स मायनस डिटेक्ट एकदा चालवा, मग सेन्सर्स. डेस्कटॉपवर काहीच चालू नसताना ७० अंशांच्या वर असेल तर पंखा, धूळ, सुकलेली थर्मल पेस्ट. गेम किंवा व्हिडिओ एन्कोड चालू केल्यावर काही मिनिटांत धाडकन बंद पडतं, लॉग मधेच तुटलेला, तर हेच किंवा पॉवर सप्लाय. दोन टर्मिनल उघडा, एकात वॉच सेन्सर्स, दुसऱ्यात स्ट्रेस मायनस एनजी. ९० च्या पुढे जाऊन बंद पडलं तर गरमी, ६० लाच बंद पडलं तर पॉवर सप्लायकडे बोट दाखवायला हरकत नाही. डीएमईएसजीमध्ये हार्डवेअर एरर किंवा मशीन चेक असे शब्द आले तर ती प्रोसेसरनेच केलेली तक्रार असते, ती गांभीर्याने घ्या.

वायफाय, नेटवर्क, यूएसबी

वायफाय दिसतच नाही. आरएफकिल लिस्ट. सॉफ्ट ब्लॉक्ड यस असेल तर आरएफकिल अनब्लॉक ऑल. हार्ड ब्लॉक्ड असेल तर लॅपटॉपचं बटण किंवा स्विच, सॉफ्टवेअरने ते निघत नाही. ब्लॉक नसेल तर एलएसपीसीआय मायनस एनएनके, त्यात नेटवर्क कंट्रोलरखाली कर्नल ड्रायव्हर इन यूज ही ओळ आहे का? नसेल तर ड्रायव्हर नाही, तिथला चौकोनी कंसातला आयडी नेटवर शोधा, मॉडेलच्या नावापेक्षा तो भरवशाचा. ओळ आहे पण चालत नाही, तर डीएमईएसजीमध्ये फर्मवेअर शब्द शोधा. फर्मवेअर लोड फेल्ड, एरर मायनस २ म्हणजे ती फाइलच मशीनवर नाही. डेबियनच्या जुन्या इन्स्टॉलरमध्ये हे फर्मवेअर येत नव्हतं, २०२३ च्या डेबियन १२ पासून येतं. फाइल उतरवायला नेट नाही म्हणता? फोन यूएसबीने जोडून टेदरिंग करा, ते बहुतेक मशीनवर काही न टाकता चालतं.

जोडलेलं आहे पण साइट उघडत नाहीत. आयपी ए ने पत्ता मिळालाय का बघा, मग पिंग १.१.१.१. पिंग जातोय पण नावाने साइट उघडत नाही तर डीएनएस (नावावरून पत्ता शोधणारी सोय), रिझॉल्व्हसीटीएल स्टेटस बघा. पिंगच जात नाही तर आयपी राउट मध्ये डीफॉल्टची ओळ आहे का, आणि राउटरला पिंग जातोय का. व्हीपीएन टाकून काढलेला असेल तर त्यानेच डीएनएस बिघडवून ठेवलेला असतो, हे माझ्या बघण्यात बरंच आलंय.

यूएसबी वस्तू ओळखत नाही तर डीएमईएसजी मायनस डब्ल्यू चालू ठेवा आणि मग वस्तू लावा. काहीच ओळ आली नाही, तर पोर्ट किंवा केबल मेलेली, फोनबरोबर मिळणाऱ्या काही केबल फक्त चार्जिंगच्या असतात. डिव्हाइस डिस्क्रिप्टर रीड, एरर मायनस ७१ असं परत परत आलं तर विजेचा किंवा केबलचा प्रश्न, हब काढून थेट मागच्या पोर्टला लावा. नाव नीट आलं आणि तरी चालत नाही, तरच ड्रायव्हर.

आवाज

आवाजाचं नव्वद टक्के एवढंच असतं की आवाज भलत्याच ठिकाणी चाललाय, मॉनिटरला स्पीकर नसताना एचडीएमआयकडे. पाव्हूकंट्रोल टाका, आउटपुट आणि कॉन्फिगरेशन हे दोन टॅब बघा. मग अल्सामिक्सर, एफ६ ने खरं कार्ड निवडा, पट्टीखाली एमएम असेल तर म्यूट आहे, एम दाबा. फेडोरा ३४ आणि उबुंटू २२.१० पासून पल्सऑडिओच्या जागी पाइपवायर आहे, त्यामुळे पल्सऑडिओ रीस्टार्ट करायचे जुने उपाय तिथे लागू पडत नाहीत. सिस्टीमसीटीएल मायनस मायनस यूजर रीस्टार्ट पाइपवायर पाइपवायर मायनस पल्स वायरप्लंबर, सुडो न लावता.

हळू चालतंय, अडकतंय

फ्री मायनस एच मध्ये फ्रीचा रकाना सोडा, अवेलेबल बघा. फ्री कमी असणं चांगलंच, रिकामी मेमरी लिनक्स कॅशला वापरतं आणि लागली की सोडतं. अवेलेबल तळाला गेलं आणि स्वॅप, म्हणजे डिस्कवरची जादा मेमरी, भरला तर मात्र मशीन रांगतं. ब्राउझर आपोआप बंद होतोय तर जर्नलमध्ये आउट ऑफ मेमरी किंवा ओओएमडी शोधा, उबुंटू २२.०४ पासून सिस्टीमडीचा ओओएमडी मेमरीवर ताण आला की अख्खं ॲपच बंद करतो, आणि माणसाला वाटतं ब्राउझरमध्ये बग आहे. मेमरी भरपूर आहे तरी हळू, तर टॉपमध्ये वरच्या ओळीत डब्ल्यूए बघा, तो सतत मोठा असेल तर प्रोसेसर डिस्कची वाट बघत बसलाय, वर डिस्कच्या भागात जा.

पूर्ण अडकलं तर थेट पॉवर बटण दाबून धरू नका. आधी कंट्रोल-ऑल्ट-एफ३, टर्मिनल आलं तर फक्त ग्राफिक्स अडकलंय. तेही नाही आलं तर ऑल्ट आणि प्रिंटस्क्रीन म्हणजेच सिसआरक्यू धरून सावकाश एस, यू, बी. डिस्कवर लिहायचं राहिलेलं लिहितं, रीड-ओन्ली करतं, रीबूट करतं. नेटवर आर ई आय एस यू बी असं सांगतात पण उबुंटूवर सिसआरक्यूच्या सेटिंगची मुळात १७६ हीच किंमत असते, तिच्यात फक्त शेवटच्या तिघांनाच परवानगी आहे. यालाही दाद नाही म्हणजे कर्नलच गेला, तेव्हा मग बटण.

पॅकेजचे घोळ

डीपीकेजी मायनस मायनस कॉन्फिगर मायनस ए, मग एपीटी मायनस मायनस फिक्स मायनस ब्रोकन इन्स्टॉल, याच क्रमाने. लॉक मिळत नाही म्हणत असेल तर लॉकची फाइल उडवायचा सल्ला बऱ्याच ठिकाणी मिळेल, तो ऐकू नका, मागे आपोआप अपडेट चालू असतं, दहा मिनिटं थांबा. बाहेरचे पीपीए, म्हणजे इतरांनी ठेवलेले पॅकेजचे साठे, हे मोठ्या अपग्रेडनंतरच्या भांडणाचं नेहमीचं मूळ, आधी तेच बंद करून बघा.

फक्त डेस्कटॉप विचित्र वागतोय, पॅनल गायब, सेटिंग उघडत नाही, तर नवीन यूजर बनवून त्याने लॉगिन करा. तिथे सगळं ठीक असेल तर सिस्टिम चांगली आहे, तुमच्या होममधल्या डॉट कॉन्फिग फोल्डरात काहीतरी सडलंय. अख्खं फोल्डर उडवू नका, संशय असलेल्या प्रोग्रॅमचं एकेक फोल्डर नाव बदलून बघा, म्हणजे परत आणता येतं.

मदत मागताना

एवढं करून सुटलं नाही तर विचारायचंच. आयएनएक्सआय मायनस कॅपिटल एफ एक्स झेड चं आउटपुट द्या, त्यातला झेड सिरियल नंबर आणि मॅक ॲड्रेस झाकतो. सोबत डिस्ट्रोची आवृत्ती, कर्नल कुठला, बिघाडाच्या वेळचा लॉग, लाइव्हवर काय झालं, आणि आत्तापर्यंत कुठकुठल्या कमांड चालवल्या ते खरंखरं, चालल्या नाहीत त्यासकट. लॉग फोटो काढून टाकू नका, मजकूर म्हणून टाका, फोटोतली ओळ कुणालाच शोधता येत नाही. फक्त मशीन बूटच होत नसेल आणि पॅनिकचा मजकूर स्क्रीनवरच असेल तर फोटोला पर्याय नाही, तेव्हा स्क्रीनचा वरचा भाग कापला जाणार नाही एवढं बघा.